‘सुरक्षा कोड बदलला’ दिसलं की तुम्ही काय करता?

रावेरचा केळीवाला: केळीच्या टिश्यू रोपांची आगाऊ रक्कम पाठवायची होती. व्हॉट्सॲपवर नर्सरीवाल्याच्या नावाखाली ओळ आली, ‘सुरक्षा कोड बदलला आहे’ (म्हणजे आमच्या दोघांच्या चॅटची खात्री पटवणारे आकडे बदलले), आणि तासाभरात त्यानेच नवा खाते क्रमांक पाठवला. मी पैसे रोखून फोन लावला. त्याने मोबाइल बदलला होता, खातंही खरंच नवं होतं. तरी माझं मत ठाम आहे: पैशाचा व्यवहार असेल तर ती ओळ दिसल्यावर बोलल्याशिवाय रुपया सोडू नये.

धुळेकर: भो, आपला गावमा कोन वाचस ती ओळ? मोबाइल बदलला किंवा ॲप काढून परत टाकलं तरी कोड बदलतो. चाळीस जणांच्या भाऊबंदांच्या ग्रुपात कितींना फोन लावशील? ठग तर नव्या नंबरवरून ओळखीचा फोटो लावून येतो, तिथे तुझा कोड काय कामाचा?

भुसावळची सून: मला तर हे शिकवणंच धोक्याचं वाटतं. मामींना मी सांगितलं, ‘कोड बघत जा.’ आठवडाभरात एका अनोळखी माणसाचा फोन आला, ‘मेसेजमध्ये आलेला कोड सांगा’, आणि त्या सांगायलाच बसल्या होत्या. मी शेजारी होते म्हणून त्या वाचल्या. त्यांच्यासाठी कोड म्हणजे कोड, सगळे सारखेच.

रावेरचा केळीवाला: ताई, हा मुद्दा मला सुचला नव्हता. दोन्ही वेगळे आहेत. एसएमएसने येतो तो ६ आकडी, तो दिला की खातंच गेलं. सुरक्षा कोड ६० आकडी, पाच-पाचचे बारा गट, मेसेज कुलूपबंद ठेवणाऱ्या दोघांच्या डिजिटल किल्ल्यांपासून बनलेला. तो कुणी पाहिला तरी काही बिघडत नाही. समोरासमोर भेटलात तर आकडे जुळवा किंवा क्यूआर स्कॅन करा. घरात ‘कोड’ म्हणूच नका, ‘साठ आकडे’ म्हणा.

धुळेकर, नव्या नंबरचा ठग यात सापडत नाही, मान्य. पण ओळखीच्याच नंबरचं खातं दुसऱ्याने स्वतःच्या मोबाइलवर उघडलं, तर नाव तेच, फोटो तोच. आपल्याला कळायची खूण ती एक ओळ. तीही सेटिंग्जमध्ये सुरक्षा सूचना चालू केल्या असतील तरच दिसते.

धुळेकर: ग्रुपचं माझं म्हणणं कायम आहे. व्यवहारापुरतं पटलं. पण फोन साधा लावायचा, ॲपवरून नाही. खातं चोराकडे असेल तर ॲपचा कॉलही तोच उचलेल. आणि आवाज ओळखल्याशिवाय विषय काढायचा नाही.

रावेरचा केळीवाला: बरोबर आहे. त्या दिवशी मी ॲपवरूनच लावला होता.