घरासमोरचं झाड टाउनशिपने तोडलं, वॉशिंग्टनचं अर्बन फॉरेस्ट्री कौन्सिल यात काही करू शकतं का?

बुडखा_बहाद्दर:
नमस्कार मंडळी, न्यू जर्सीत राहतो. घरासमोर, म्हणजे साइडवॉक आणि रस्ता यांच्या मधल्या गवताच्या पट्टीत, अ‍ॅशचं मोठं झाड होतं, दोन्ही हातांच्या कवेत मावणार नाही एवढा बुंधा. मागच्या फॉलमध्ये टाउनशिपची माणसं त्यावर नारिंगी ठिपका मारून गेली आणि मग एक दिवस ऑफिसातून येतो तर झाड गायब, नुसता बुडखा. तो अजून तसाच आहे, शेजारची पोरं त्यावर बसून चिप्स खातात. फोन केला की "लिस्टवर आहे" एवढंच ऐकायला मिळतं आणि नवीन झाड लावणार का यावर तर कोणी बोलतच नाही. दुपारी पुढच्या खोलीत असं ऊन येतं की एसी बंद करायची सोय नाही.

शोधता शोधता कळलं की इथे केंद्र सरकारचं नॅशनल अर्बन अँड कम्युनिटी फॉरेस्ट्री अ‍ॅडव्हायझरी कौन्सिल आहे, कृषी खात्याच्या हाताखाली. आपल्याकडे वृक्ष प्राधिकरण असतं तसलंच काहीतरी असणार असं वाटतंय. त्यांच्याकडे अर्ज करता येतो का? कोणी केलाय का?

रानवेडा:
अर्ज करू नका, पोस्टाच्या तिकिटाचे पैसे वाचवा :) ते कौन्सिल फक्त सल्ला देतं, तोही कृषिमंत्र्यांना. 1990 च्या फार्म बिलातून ते जन्माला आलं. 15 मेंबर, मंत्री नेमतात, तीन वर्षांची मुदत, पगार नाही. कोण कोण असावं तेही कायद्यातच लिहिलंय: शहर-काउंटी-राज्य सरकारांतले लोक, स्वयंसेवी संस्थांवाले, विद्यापीठातले, एक नर्सरी किंवा लाकूड धंद्यातला, शिवाय दोन असे की जे कुठल्याच सरकारी नोकरीत नाहीत आणि त्यातला एक 50,000 पेक्षा कमी वस्तीच्या गावचा पाहिजे. ही शेवटची अट मला फार आवडते, नाहीतर अशा समित्यांवर सगळे न्यूयॉर्क-शिकागोचेच भरतात.

कामं मुख्य दोन. देशभरातल्या शहरी झाडांसाठी कृती आराखडा बनवायचा (एक 2016 ते 2026 चा आहे) आणि फॉरेस्ट सर्व्हिसच्या (कृषी खात्याचंच वन विभाग) चॅलेंज ग्रँट कशाला द्यायच्या याची शिफारस करायची. त्या ग्रँटमध्ये जेवढे पैसे सरकार देणार तेवढेच तुम्ही उभे करायचे, आणि विषय देशभर लागू पडणारा हवा. तुमच्या बुडख्याशी त्यांचं काही देणंघेणं नाही. मिटिंगा मात्र सगळ्यांना खुल्या असतात, फेडरल रजिस्टरमध्ये नोटीस येते, हौस असेल तर बसा ऐकत.

बाकी टाउनशिपला अगदीच शिव्या घालू नका. अ‍ॅश होता ना? मी मिशिगनचा, एमराल्ड अ‍ॅश बोरर ही अ‍ॅश पोखरणारी कीड 2002 मध्ये आमच्या डेट्रॉइटजवळच पहिल्यांदा सापडली. सालीवर इंग्रजी डी अक्षरासारखी बारीक भोकं दिसतात, शेंड्याकडून झाड वाळत येतं, सुतारपक्षी साल सोलून काढतात आणि हे सगळं दिसेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. मेलेला अ‍ॅश लवकर ठिसूळ होतो, फांद्या कधी कोणाच्या गाडीवर येतील सांगता येत नाही. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना नुसते अ‍ॅशच लावलेले, का तर एकसारखे छान दिसतात म्हणून. गेले सगळे.

खवचट_खान:
सल्लागार समिती = चहा, बिस्किटं, पीडीएफ.

अंजली_टी:
@बुडखा_बहाद्दर, तुमच्या टाउनमध्ये शेड ट्री कमिशन आहे का ते आधी बघा. न्यू जर्सीत 1893 पासून त्याचा कायदा आहे, खरी सत्ता तिथे आहे. ती पट्टी टाउनची, त्यातलं झाड कमिशनचं, काय लावायचं, काय छाटायचं, काय पाडायचं ते ठरवतात. मी आमच्या टाउनच्या कमिशनवर आहे, मेयरने नेमलं, पाच वर्षांची मुदत, पैसे शून्य, रहिवासी असलात की झालं. आमच्याकडे एक खुर्ची कायम रिकामी, लोक झाड पडल्यावरच येतात.

फोन करू नका, लेखी द्या: पत्ता, बुडख्याचा फोटो, "रिप्लेसमेंट ट्री हवंय" आणि "पहिले दोन उन्हाळे पाणी मी घालीन". हे शेवटचं वाक्य नक्की घाला, कारण नवीन झाडं मरतात ती बहुतेक पाण्याविना आणि आमच्याकडे टँकर फिरवायला माणसं नाहीत. टाउन ट्री सिटी यूएसए (झाडं जपणाऱ्या गावांना मिळणारा मान) असेल तर तेही लिहा, त्यासाठी माणशी किमान 2 डॉलर झाडांवर खर्च दाखवावा लागतो. आणि बुडखा दळून निघाल्याशिवाय त्याच जागी झाड लागत नाही, तेव्हा दोन्ही एकाच पत्रात मागा.

शनिवारपेठी:
वृक्ष प्राधिकरणाशी तुलना केलीत म्हणून पुण्याहून लिहितोय. आपलं प्राधिकरण सल्लागार नाही हो, 1975 च्या कायद्याने त्याला परवानगी द्यायचा-नाकारायचा अधिकार आहे, आयुक्त अध्यक्ष. आता अधिकार असून काय होतं ते 2019 ला आरेत पाहिलंच, मुंबईच्या प्राधिकरणाने ऑगस्टमध्ये 2,646 झाडांचा प्रस्ताव मंजूर केला आणि ऑक्टोबरात रात्री करवती सुरू. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षांवरची झाडं हेरिटेज झाली, तोडलेल्या झाडाचं वय जेवढं तेवढी नवीन लावायची, 200 किंवा जास्त झाडं असतील तर प्रकरण राज्याकडे असंही तेव्हा ठरलं. कागदावर झकास आहे. पण लावलेली रोपं दोन वर्षांनी जाऊन कोण मोजतं? आमच्या रस्त्यावर गुलमोहराच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक ठोकलेत, पाणी मुळाशी जाणार कुठून?

रानवेडा:
@खवचट_खान, अहो 2022 च्या इन्फ्लेशन रिडक्शन अ‍ॅक्टमध्ये शहरी झाडांसाठी दीड अब्ज डॉलर आले, एवढा पैसा या खात्याने आधी कधी पाहिला नव्हता. मग 2025 च्या फेब्रुवारीत आर्बर डे फाउंडेशन या झाडं लावणाऱ्या संस्थेची साडेसात कोटी डॉलरची ग्रँट एका फटक्यात रद्द. त्यामुळे वॉशिंग्टनकडे डोळे लावून बसण्यात अर्थ नाही या मताचा मीही आहे, पण आराखडा असतो म्हणून पैसा आला की कुठे घालायचा ते तरी ठरलेलं असतं. पीडीएफला एवढं हसू नका.

बुडखा_बहाद्दर:
आभार सगळ्यांचे. कमिशन आहे आमच्याकडे, महिन्याला मिटिंगपण होते, वेबसाइटवर एका कोपऱ्यात लपवलंय. अंजलीताई, झाड कुठलं ते आपण सांगू शकतो का? मला ओक पाहिजे.

अंजली_टी:
पसंती लिहा, ऐकतीलच असं नाही. वर विजेच्या तारा आहेत का? असतील तर ओक विसरा, वीज कंपनीवाले मधोमध छाटून इंग्रजी व्ही करून ठेवतात. रेडबड किंवा सर्व्हिसबेरी मागा, ही बुटकी झाडं. आणि लावल्यावर बुंध्याभोवती मल्चचा (मातीवर पसरायचा लाकडाचा भुसा-पाचोळा) डोंगर करू नका, दोन-तीन इंच पुरे, बुंध्याला टेकू द्यायचं नाही, साल कुजते.

बुडखा_बहाद्दर:
तारा आहेत, केबलची पण आहे. गेला ओक. रेडबड चालेल, बायकोला गुलाबी फुलं आवडतात. पत्र आजच टाकतो.