नट राजदूत झाला तर बिघडतं कुठे?

नौपाड्याचे नाना
काल तलावपाळीवर आमच्या कट्ट्यात वाद पेटला: नटनट्यांना सरकारी कामातलं काय कळतं? मी शर्ली टेंपलचं नाव घेतलं. हॉलिवूडची लाडकी बालतारका. विशी ओलांडताच सिनेमा सोडला, १९६७ मध्ये अमेरिकी संसदेसाठी उभी राहिली आणि पडली. पण पुढे घानात (१९७४–७६) आणि चेकोस्लोव्हाकियात (१९८९–९२) राजदूत. कम्युनिस्ट राजवट गेली तेव्हा बाई प्रागमध्ये होत्या. बोला आता.

वाशीची माई
बोलते की. निवडणुकीत पडल्यावर दोनच वर्षांत निक्सननी त्यांना संयुक्त राष्ट्रांच्या शिष्टमंडळात घेतलं. पक्षाचं काम केल्याचं बक्षीस, दुसरं काय! आपल्याकडे यूपीएससी काढून वर्षानुवर्षं फायली उपसल्यावर कुठे राजदूत होता येतं. आणि राजवट पाडली ती रस्त्यावर उतरलेल्या लोकांनी.

नौपाड्याचे नाना
राजवट बाईंनी पाडली असं मी कुठे म्हटलं? पण ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे शिरले तेव्हाही त्या प्रागमध्येच होत्या. भावाला मल्टिपल स्क्लेरोसिस, त्या आजाराच्या संघटनेच्या कामाला गेल्या होत्या. शहराची ती रात्र पाहिलेला माणूस तिथे पाठवणं मला तरी शहाणपणाचं वाटतं. आणि माई, विजयालक्ष्मी पंडित कुठली परीक्षा देऊन मॉस्कोला गेल्या होत्या?

घोडबंदरकर
विनोद खन्नांना विसरलात राव. गुरदासपूरचे खासदार, २००३ मध्ये परराष्ट्र राज्यमंत्री. (ट्रॅफिकमध्ये अडकलोय, अजून बरंच लिहू शकतो.)

वाशीची माई
ते निवडून आलेले. संसदेत त्यांना जाब विचारता येतो. राजदूताला कोण विचारणार?

नौपाड्याचे नाना
सिनेट. तिच्या मंजुरीशिवाय अमेरिकेचा राजदूत नेमला जात नाही.

कोपरीतला वाचक
दोघांनाही अडचणीचं उदाहरण देतो: जॉन गॅव्हिन. 'सायको'मधला देखणा नट. रेगननी १९८१ मध्ये मेक्सिकोला पाठवला. आईकडून मेक्सिकन, स्पॅनिश अस्खलित, स्टॅनफर्डमध्ये लॅटिन अमेरिकेचा आर्थिक इतिहास शिकलेला. म्हणजे नानांना हवी तशी तयारी. तरी तिथल्या सरकारबद्दल उघड बोलून त्यानं कितीतरी मेक्सिकनांचा रोष ओढवून घेतला.

नौपाड्याचे नाना
रोष असूनही पाच वर्षं टिकला ना?

वाशीची माई
टिकणारच. तो आणि रेगन, दोघंही नटांच्या एकाच संघटनेचे माजी अध्यक्ष.