मदत हवी आहे: बोक्याला एफआयपी (मांजरांचा विषाणूजन्य आजार), इंदुरात त्यावरच्या जीएस औषधाच्या गोळ्या कुणी दिल्यात का?

नमस्कार मंडळी, आम्ही रामबागेत राहतो. आमचा गोट्या नऊ महिन्यांचा. दहा दिवस ताप हटत नाहीये, पोट टम्म फुगलंय आणि पाठीचा कणा हाताला लागतो. आई म्हणाली, जंत असतील. डॉक्टरांनी पोटातलं पाणी काढलं तर पिवळं, मधासारखं चिकट. रिव्हाल्टा टेस्ट (त्या पाण्याची साधी चाचणी) पॉझिटिव्ह, अल्ब्युमिन-ग्लोब्युलिन या प्रथिनांचं प्रमाण ०.३, म्हणजे एफआयपीचाच संशय.

पहिल्या डॉक्टरांनी स्टेरॉइड लिहून दिलं, 'आता फक्त सेवा करा' म्हणाले. दुसऱ्या डॉक्टर बाईंनी मात्र धीर दिला. मांजरांचा साधा कोरोनाव्हायरस अंगातच बदलून हा आजार होतो म्हणे (माणसांच्या कोविडशी संबंध नाही, शेजारच्या काकूंना तीनदा सांगून झालं). २०१९ मध्ये कॅलिफोर्नियात नील्स पेडरसन यांच्या गटाने जीएस-४४१५२४ हे औषध ३१ मांजरांना दिलं, त्यातली बहुतेक वाचली. तेव्हापासून ८४ दिवसांचा कोर्स रूढ झाला. २०२४ च्या जर्मन अभ्यासात पोटात पाणी झालेल्या मांजरांना ४२ दिवसही पुरले.

तर इथे कुणी ४२ दिवसांवर थांबलंय का? पुन्हा उलटलं तर? गोळ्या कुठून मागवल्या, किती खर्च आला? गोट्या सध्या २.४ किलो आहे, वजन वाढलं की डोसही वाढवावा लागतो, म्हणून हिशेब हवाय. पोटातल्या पाण्याची पीसीआर (विषाणूची तपासणी) कुठे होते? महूच्या व्हेटर्नरी कॉलेजात कुणी दाखवलंय का?

कृपया लवकर सांगा. कालपासून त्याने दुधाच्या सायीलाही तोंड लावलेलं नाही.