खानदेशातून एसटी-रेल्वेने विमानांची आणि विज्ञानाची संग्रहालये कशी पाहावीत?

अमळनेरकर

नमस्कार. माझी मुलगी सातवीत आहे. धुळ्याला मामाकडे गेली की गोंदूरच्या धावपट्टीवरून उठणारी प्रशिक्षणाची छोटी विमाने ती गच्चीवरून तासन्‌तास पाहत बसते. एवढे जड यंत्र हवेवर टेकते कसे, हे तिने मला अनेकदा विचारले आहे. ओठांशी कागदाची पट्टी धरून वरून फुंकर मारली की पट्टी उचलली जाते, हा प्रयोग मी तिला करून दाखवला. पण पट्टीला इंजिन नसते आणि विमानाला कोणी फुंकर मारत नाही, असे ती म्हणाली आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. खरे विमान तिने हाताच्या अंतरावरून अजून पाहिलेले नाही.

दिवाळीनंतर दुकान बंद ठेवून मला चार दिवस काढता येतील. आमच्याकडे गाडी नाही, त्यामुळे सगळा प्रवास एसटी, रेल्वे आणि त्या त्या शहरातील बस किंवा लोकल यांवरच होईल. बरोबर माझे वडीलही येणार आहेत. आबा ७१ वर्षांचे आहेत. त्यांची नोकरी भुसावळला रेल्वेत झाली आणि यंत्रांविषयीची ओढ मुलीला त्यांच्याकडूनच आली आहे, त्यामुळे त्यांना घरी ठेवून जाण्याचा विचार मनात येत नाही. मात्र गुडघ्यांमुळे त्यांना सलग फार चालवत नाही. मुंबई, नागपूर, गोवा, दिल्ली अशी नावे ऐकली आहेत. पहिल्यांदा जाणाऱ्याने यांपैकी कोणते ठिकाण निवडावे, आणि स्टेशनवर उतरल्यापासून संग्रहालयाच्या दारापर्यंतचा भाग कसा पार पाडावा, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

भुसावळ जंक्शन

अमळनेरकर, आपण ज्या मार्गावर राहता तो या कामासाठी फार सोयीचा आहे. भुसावळ, जळगाव आणि अमळनेर यांच्या फलाटांवरून मुंबई, सुरत, नागपूर, दिल्ली, बंगळूर आणि गोवा या सहाही दिशांना गाड्या मिळतात. माझ्या नातवंडांना मी गेल्या काही वर्षांत असेच फिरवले आहे. माझे पहिले सांगणे असे की एका प्रवासात एकच संग्रहालय ठरवावे. चार दिवसांत तीन शहरे करणाऱ्या कुटुंबाच्या लक्षात शेवटी फक्त प्रतीक्षालये राहतात.

आपल्यासाठी मी मुंबईतील वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र सुचवीन. ते १९८५ साली सुरू झाले. इमारतीतील दालनांत मुलांना स्वतः हाताळून पाहता येतील असे प्रयोग आहेत आणि बाहेर मोठे विज्ञान उद्यान आहे. त्या उद्यानात एचएफ-२४ मारुत हे खरे लढाऊ विमान उभे आहे, शिवाय जुने वाफेचे इंजिन आणि ट्रामचा डबा आहे. आबा रेल्वेतले असल्यामुळे वाफेच्या इंजिनापाशी त्यांनाच सांगू द्यावे. बॉयलर, सिलिंडर आणि दट्ट्या यांचा क्रम नातीला आजोबांच्या तोंडून कळणे हे कोणत्याही फलकापेक्षा मोलाचे आहे.

प्रवासाचे सांगतो. भुसावळहून अमळनेर, नंदुरबार, सुरतमार्गे जाणारी खानदेश एक्सप्रेस आपल्याला घराजवळून मिळेल. रात्रीचा प्रवास करून ती पश्चिम रेल्वेच्या बाजूने मुंबईत शिरते. ती रोज धावत नाही, म्हणून आधी तिचे वार पाहावेत आणि त्यावरून सहलीची तारीख ठरवावी. ते वार जुळले नाहीत तर जळगावहून मध्य रेल्वेच्या रात्रीच्या गाड्या आहेत. दादरला उतरलात तर चर्चगेटकडे जाणारी धीमी लोकल पकडावी. प्रभादेवी, लोअर परळ आणि त्यानंतर महालक्ष्मी. जलद लोकल महालक्ष्मीला थांबत नाही. महालक्ष्मीहून डॉ. ई. मोझेस रस्त्याने चालत जाता येते, परंतु आबांसाठी टॅक्सी करावी. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलात तर भुयारी मेट्रो उत्तम. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती कफ परेडपर्यंत सुरू झाली आणि तिच्यावर विज्ञान केंद्राच्या नावाचेच स्थानक आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला लोकलच्या पुलापेक्षा मेट्रोची लिफ्ट पुष्कळ बरी.

सामान घेऊन संग्रहालयात जाऊ नये. मोठ्या स्टेशनांवर सामानघर असते. तेथे प्रवासाचे तिकीट दाखवावे लागते आणि कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत, म्हणून छोटी कुलपे घरूनच न्यावीत. पहाटे पोहोचून लगेच निघण्याचीही घाई नको. तिकिटाच्या क्रमांकावर रेल्वेची विश्रांतिकक्षे आधी आरक्षित करता येतात. तेथे आंघोळ आणि तासभर पाठ टेकणे झाले की आबा दुपारपर्यंत टिकतील.

सुटीचा वार हा मात्र सर्वांत मोठा खड्डा आहे. मी एकदा घरच्या सहा माणसांना घेऊन रात्रभर प्रवास करून एका शहरातील संग्रहालयाच्या दारात सोमवारी उभा राहिलो होतो. दार बंद होते आणि परतीची गाडी त्याच रात्रीची होती. वरळीचे केंद्र सोमवारीही उघडे असते, पण दिवाळी आणि होळीच्या दिवशी बंद राहते. बहुतेक इतर संग्रहालये सोमवारी बंद असतात. तिकीट काढण्याआधी दूरध्वनी करून विचारावे आणि मगच आरक्षण करावे.

तापीकाठची शिक्षिका

भुसावळच्या काकांनी मार्ग चांगला समजावला आहे. मी नंदुरबार जिल्ह्यात शिकवते आणि आमच्या बाजूच्या लोकांना मुंबईपेक्षा सुरत जवळ पडते. तेथील सिटीलाइट भागात महापालिकेचे विज्ञान केंद्र आहे. सकाळच्या गाडीने जाऊन रात्री परत येता येते. अमळनेरहूनही हे जमेल. विमान हाच मुख्य विषय असेल तर ते पुरेसे नाही, पण आबांना लांबचा प्रवास झेपतो की नाही हे पाहण्यासाठी एक दिवसाची ही फेरी उपयोगी पडेल.

नागपूरचे रमण विज्ञान केंद्र १९९२ पासून आहे, गांधीसागर तलावासमोर, रेल्वे स्टेशनपासून रिक्षाने थोड्याच अंतरावर. तारामंडलही त्याच आवारात आहे. आबांच्या पायांचा विचार केला तर मुंबईपेक्षा नागपूर सोपे.

एसटीचे भाडे सांगते, कारण येथे वाचणाऱ्या इतरांनाही ते लागेल. राज्यात महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धे, आणि ७५ पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत. आपल्या तिघांपैकी पूर्ण तिकीट फक्त आपलेच लागेल. रेल्वेतील ज्येष्ठांची भाडेसवलत मात्र मार्च २०२० पासून बंद आहे आणि बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांना पूर्ण भाडे पडते, त्यामुळे जळगाव किंवा धुळ्यापर्यंतचा टप्पा एसटीने करण्यात बचत होते. शाळेच्या शैक्षणिक सहलींना एसटीत ५० टक्के सवलत मिळते, आणि आपल्याकडच्या शाळांनी तिचा उपयोग वॉटर पार्कऐवजी अशा ठिकाणांसाठी करावा असे मला मनापासून वाटते.

काकांच्या सल्ल्याला मी एक जोड देते. मुलांना सर्व दालने दाखवण्याचा आग्रह धरू नये. मी प्रत्येक मुलाला निघण्याआधी एकच प्रश्न लिहून आणायला सांगते आणि त्याचे उत्तर शोधून झाल्यावरच बाकीचे पाहायचे. आपल्या मुलीकडे तर प्रश्न तयारच आहे. तिला कोऱ्या पानांची वही आणि पेन्सिल द्यावी, मारुतच्या पंखाचे चित्र कडेने आणि समोरून असे दोनदा काढायला सांगावे. फोटो काढणारे मूल दोन मिनिटांत पुढे जाते, पण चित्र काढणाऱ्या मुलाला तेथेच थांबावे लागते आणि ते थांबते म्हणून त्याला पंखाचा बाक दिसतो.

इंजिन फिटर, धुळे

मी वायुसेनेत विमानांच्या इंजिनांवर काम केले असल्याने या विषयावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

प्रथम मुलीच्या प्रश्नाविषयी. पंखाच्या वरच्या बाजूने हवेला जास्त अंतर कापावे लागते म्हणून ती वेगाने जाऊन खालच्या हवेला गाठते, असे स्पष्टीकरण अनेक पुस्तकांत असते. ते चूक आहे. वरची आणि खालची हवा एकाच वेळी मागच्या कडेला पोहोचली पाहिजे असा कोणताही नियम नाही. पंख थोडा वर तोंड करून हवेतून पुढे ढकलला जातो, त्याच्या आकारामुळे आणि त्या कोनामुळे हवा खालच्या दिशेला वळते, आणि हवेला खाली वळवणाऱ्या पंखाला हवा वर रेटते. हवा वळताना पंखाच्या वर दाब कमी आणि खाली जास्त राहतो. एकाच घटनेच्या या दोन बाजू आहेत. तिला धावत्या एसटीच्या खिडकीचे उदाहरण देऊ नका, हात बाहेर काढणे धोक्याचे असते. घरच्या टेबलपंख्यासमोर पुठ्ठा तिरका धरून तो उचलला जाताना हाताला जाणवू द्या. इंजिनाचे काम विमान पुढे ढकलण्याचे असते, उचलण्याचे काम पंख करतो. फुंकरीविषयीच्या तिच्या शंकेचेही हेच उत्तर आहे: हवा पंखावरून जावो की पंख हवेतून जावो, पंखाला दोन्ही सारखेच.

आता मारुतविषयी, कारण त्या विमानासमोर लोक फोटो काढून निघून जातात याचे मला दुःख होते. ते भारतातच रचना होऊन तयार झालेले पहिले जेट लढाऊ विमान. जर्मन अभियंता कुर्ट टँक यांच्या नेतृत्वाखाली बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये (आताचे हिंदुस्थान एरोनॉटिक्स) त्याची रचना झाली आणि १७ जून १९६१ रोजी त्याने पहिले उड्डाण केले. रचना ध्वनीपेक्षा जास्त वेगाची होती, पण त्या वेगाला पुरेल असे इंजिन मिळाले नाही. शेवटी ऑर्फियस जातीची दोन इंजिने बसवावी लागली आणि विमान आपल्या आकाराच्या मानाने कमी ताकदीचे राहिले. तरीही १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर त्याने काम केले. त्याच कुळातील एकच ऑर्फियस इंजिन नॅट या चिमुकल्या विमानाला पुरत असे. नॅटच्या पंखांचा विस्तार सात मीटरही भरत नाही. मुलीने कधी दोन्ही विमाने पाहिली तर इंजिन आणि विमानाचा आकार यांचे नाते तिला सूत्राशिवाय समजेल.

ही दोन्ही शेजारी शेजारी पाहायची असतील तर दिल्लीचे पालम येथील वायुसेना संग्रहालय गाठावे लागेल. १९६७ सालचे हे संग्रहालय. तेथे वापिटी आहे. १ एप्रिल १९३३ रोजी आपल्या वायुसेनेची पहिली तुकडी अशाच चार विमानांवर उभी राहिली होती. लिबरेटर हे चार इंजिनांचे बॉम्बफेकी विमानही तेथे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ही विमाने कोणाला वापरता येऊ नयेत म्हणून मोडतोड करून कानपूरला टाकून दिली होती. आपल्या तंत्रज्ञांनी त्यांतूनच उडणारी विमाने उभी केली आणि ती १९६८ पर्यंत सेवेत राहिली. मला त्या संग्रहालयात सर्वांत जास्त वेळ लिबरेटरपाशीच थांबावेसे वाटते. सोमवार आणि मंगळवार सुटी असते. जळगावहून पंजाब मेल किंवा झेलमने दिल्ली गाठता येते, परंतु जाण्यायेण्यातच चारपैकी दोन दिवस जातील.

म्हणून माझी पसंती गोव्याला आहे. दिल्लीहून येणारी गोवा एक्सप्रेस भुसावळहून मनमाड, पुणेमार्गे थेट वास्कोला जाते, गाडी बदलावी लागत नाही. वास्कोहून बोगमाळोच्या रस्त्यावर, दाभोळी विमानतळाजवळ, नौदलाचे हवाई संग्रहालय आहे. १९९८ मध्ये ते सुरू झाले आणि सोमवारी बंद असते. विमाने मोकळ्या आवारात असल्याने त्यांच्याभोवती फिरून पाहता येते. सी हॅरियर या नौदलाच्या जेट लढाऊ विमानाच्या पोटाच्या दोन्ही बाजूंना मिळून चार तोंडे आहेत. ती खाली वळवली की इंजिनाचा झोत जमिनीकडे जातो आणि विमान जहाजावर सरळ खाली उतरू शकते. इंजिन पुढे ढकलते आणि पंख उचलतो असे मी वर म्हटले, त्याला हा अपवाद आहे आणि तो तिला स्वतः शोधू द्यावा. अलिझे आणि सी हॉक या नौदलाच्या विमानांचे पंख जहाजावर जागा वाचावी म्हणून मिटवता येतात. एके काळी एअर इंडियाकडे असलेले, नंतर वायुसेनेकडे आणि शेवटी नौदलाकडे आलेले सुपर कॉन्स्टेलेशन हे मोठे विमान तेथे आहे. त्याच्या शेपटीला तीन उभी पाती आहेत, कारण एकच उंच पाते केले असते तर विमान त्या काळच्या हँगरमध्ये मावले नसते. मुंबईत एक विमान आहे, येथे डझनभर आहेत.

अमळनेरकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. टेबलपंख्याचा प्रयोग काल रात्रीच केला. पुठ्ठा कितपत तिरका केला की तो उचलण्याऐवजी नुसता मागे ढकलला जातो, हे मुलीने स्वतः शोधून वहीत लिहून ठेवले आहे.

घरी बोलून असे ठरवले आहे की या दिवाळीनंतर मुंबई करावी आणि ते जमले तर मे महिन्यात गोवा. आबांना मारुतपेक्षा वाफेच्या इंजिनाची जास्त उत्सुकता आहे. बरोबर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊ, म्हणजे खाण्यासाठी त्यांना वेगळे चालावे लागणार नाही. आता एकच अडचण राहिली आहे: त्यांना वरच्या किंवा मधल्या बर्थवर चढता येत नाही.

भुसावळ जंक्शन

अमळनेरकर, तिघांचे तिकीट एकत्र काढू नका. साठ वर्षांवरील पुरुषांसाठी खालच्या बर्थचा राखीव कोटा असतो, पण तिकिटावर असे एक किंवा दोनच ज्येष्ठ प्रवासी असतील तरच तो मिळतो; मुलीचे किंवा आपले नाव त्याच तिकिटावर घातले की तो हक्क जातो. आबांचे तिकीट वेगळे काढून आरक्षणाच्या वेळी तो कोटा निवडावा, त्यांचा डबा कोणता आला ते पाहावे आणि लगेच आपल्या दोघांचे तिकीट त्याच वर्गात काढावे. डबे वेगळे आले तर गाडीत तिकीट तपासनिसांना विनंती करावी. मात्र आबांची खालची जागा कोणाशीही बदलू नये, आपणच त्यांच्या डब्यात जागा मागावी.