एका घरात तीन पिढ्या, तीन तऱ्हेचे खर्च: वर्षाचा हिशेब एका कागदावर कसा आणावा?

तिसरामजला (प्रश्न)

घरात पाच माणसं. आजोबा ७४, आजी ७०, मधली जोडी ४८ आणि ४५, नात २३, नोकरीला लागून वर्ष झालेलं. आजोबांचे चार लाख बचत खात्यात पडून आहेत, एक एफडी बँकेत, एक पतसंस्थेत. आजींची दरमहा भिशी. मधल्यांच्या एंडोमेंट पॉलिसी (विमा आणि बचत एकत्र) आणि पीपीएफ. नातीची एसआयपी, क्रेडिट कार्ड आणि चार-पाच ॲपच्या वर्गण्या. शिवाय केबल आहे, दारात दोन पेपर येतात आणि ओटीटी आहेच.

वाद ठरलेला. आजोबांच्या मते नात पैसे उडवते, नातीच्या मते आजोबा पैसे कुजवतात. कोणाला न दुखवता हे सगळं एका कागदावर कसं मांडायचं आणि पाणी नेमकं कुठे मुरतंय ते कसं शोधायचं? ‘पिढ्यांमध्ये फरक असायचाच’ छापाचे प्रतिसाद नकोत, आकडे हवेत.

हिशेबवही

पाणी दोन वेगळ्या जागी मुरतंय, म्हणून भांडण मिटत नाही. आजोबांचा तोटा न मिळालेल्या व्याजात आहे, तो पासबुकात छापलाच जात नाही. नातीचा तोटा आपोआप होणाऱ्या कपातीत आहे, तो छापला जातो पण वाचत कोणी नाही. म्हणून कागदावर महिन्याचे आकडे लिहू नका, सगळे वर्षाचे लिहा. १९९ रुपये महिना ऐकायला चहापाणी वाटतं, वर्षाचे २,३८८ लिहिले की नजर थांबते.

सुरुवात आजोबांपासून करा, म्हणजे नातीला आपल्यावरच रोख आहे असं वाटणार नाही. मोठ्या बँकांत बचत खात्यावर सध्या जेमतेम अडीच टक्के मिळतात. एक लाख अडीअडचणीला ठेवा आणि उरलेले तीन लाख पोस्टातल्या किंवा बँकेतल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. तिथला दर एप्रिल २०२३ पासून ८.२ टक्के आहे. सरकार तो दर तिमाहीला जाहीर करतं, पण खातं उघडताना असलेला दर पाच वर्षं पक्का. तीन लाखांवर बचत खात्यात वर्षाला ७,५००, या योजनेत २४,६००. फरक १७,१००. नातीच्या सगळ्या वर्गण्यांची बेरीज बहुतेक याच्या खालीच निघेल.

यात लोक चुकतात कुठे? व्याज दर तिमाहीला जमा होतं, पण ते उचललं नाही तर त्या व्याजावर पुढे काहीच मिळत नाही. त्यामुळे खातं उघडतानाच बचत खातं जोडून घ्या. एक लाखाच्या वरची रक्कम चेकने द्यावी लागते. वर्षाच्या आत मोडलं तर दिलेलं व्याज परत कापून घेतात, एक ते दोन वर्षांत मोडल्यास मुद्दलाच्या दीड टक्का, त्यानंतर एक टक्का. म्हणून तीन लाखांचं एकच खातं न काढता दीड-दीड लाखांची दोन काढा. गरज पडली तर एकच मोडायचं.

आता पतसंस्थेची एफडी. व्याज एखाद-दीड टक्का जास्त असतं म्हणून ती आवडते. पण पाच लाखांपर्यंतचा ठेवविमा बँकांना आहे, नागरी सहकारी बँकांनाही आहे, पतसंस्थांना नाही. नावात ‘सहकारी’ दोन्हीकडे असल्यामुळे ज्येष्ठांचा हमखास घोळ होतो. पावतीवर ‘बँक’ शब्द आहे की ‘पतसंस्था’, एवढं बघा. बँकेतही पाच लाखांची मर्यादा एका माणसाला एका बँकेमागे, सगळ्या शाखा मिळून, मुद्दल आणि व्याज धरून. पाच लाखांची एफडी केली की व्याज चढेल तसं वरचं सगळं विम्याबाहेर जातं. त्यापेक्षा साडेचारच ठेवा.

आजोबांना नावं ठेवण्याआधी नातीला दोन आकडे दाखवा. किसान विकास पत्र १९८८ मध्ये आलं तेव्हा साडेपाच वर्षांत पैसे दुप्पट व्हायचे, आता ११५ महिने लागतात. पीपीएफवर जानेवारी २००० पर्यंत १२ टक्के होते, आज ७.१ आहेत. पैसे कुलपात टाकून विसरणं तेव्हा खरोखर परवडत होतं.

मधल्यांसाठी थोडक्यात. पीपीएफचे पैसे ५ तारखेच्या आत भरा. व्याज महिन्याच्या ५ तारखेपासून अखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर धरतात, ६ तारखेला भरलं तर त्या महिन्याचं व्याज गेलं. एंडोमेंट पॉलिसी रागाच्या भरात मोडू नका, आधी पेड-अप किंमत (पुढचे हप्ते थांबवले तरी मुदत संपल्यावर मिळणारी रक्कम) काढा: विमा रक्कम गुणिले भरलेले हप्ते, भागिले एकूण हप्ते, अधिक साठलेला बोनस. पाच लाखांच्या २० वर्षांच्या पॉलिसीचे ९ वार्षिक हप्ते भरले असतील तर २,२५,००० अधिक बोनस. आणि नवी टर्म पॉलिसी (नुसता विमा, बचत नाही) हातात पडेपर्यंत जुनीचा हप्ता चुकवायचा नाही.

रिमोटकुणाकडे

वरचं पटलं, पण पेपर-टीव्ही-ओटीटीची बेरीज कोणीच करत नाही, कारण ते पैसे पाच खिशांतून जातात. पेपरवाल्याला आजोबा रोख देतात, केबल मधले भरतात, ओटीटी नातीच्या कार्डावर आणि मोबाईलचा रिचार्ज ज्याचा त्याचा.

केबल किंवा डिशच्या बिलात दोन भाग असतात. एक जोडणीचं भाडं, साधारण १३० रुपये आणि वर जीएसटी. दुसरा वाहिन्यांचे दर. एखादी वाहिनी पॅकमध्ये घालायची असेल तर तिचा दर १९ रुपयांच्या वर ठेवता येत नाही, म्हणून बहुतेक लोकप्रिय वाहिन्या त्या आकड्याच्या आसपासच सापडतात. आजींच्या मालिका पाच वाहिन्यांवर असतील तर ९५ अधिक जीएसटी, म्हणजे ११२. भाड्यासकट २६५ च्या आसपास. बिल चारशेच्या वर येत असेल तर कोणीच न बघणारा पॅक गळ्यात पडलाय. ऑपरेटरला ‘पॅक कमी करा’ म्हणू नका, तो दुसरा पॅक देतो. वाहिन्यांची यादी लिहून द्या, ‘सुट्या’ हा शब्द वापरा आणि तीच यादी कंपनीच्या ॲपमध्ये दिसते का ते बघा.

केबल तोडून सगळं ओटीटीवर नेऊ, असं नात म्हणेल. ज्येष्ठांच्या बाबतीत ते फसतं ते रिमोटमुळे. बटण दाबलं की मालिका लागते ही सवय मोडून प्रोफाइल निवडा, शोधा, जाहिरात वगळा, एवढं साडेसातच्या मालिकेसाठी कोणी करत नाही. महिन्याभरात केबल परत येते आणि दोन्ही चालू राहतात.

ओटीटीला साधा नियम: एका वेळी एकच, आळीपाळीने. वार्षिक वर्गणी स्वस्त दिसते, पण दोन महिन्यांत बघून संपत असेल तर महिन्याची बरी. रिचार्जबरोबर फुकट मिळालेली ओटीटी वर्गणी आणि कार्डावरची तीच वर्गणी एकदम चालू असणं ही अगदी नेहमीची गळती. ॲप काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही. यूपीआय ॲपमधला ऑटोपे विभाग, बँकेच्या ॲपमधली कार्डाची स्थायी सूचना आणि फोनच्या ॲप स्टोअरमधल्या वर्गण्या या तीन वेगळ्या जागा आहेत, तिन्ही उघडून बघा. १५,००० पर्यंतच्या बहुतेक आपोआप कपातीला ओटीपी लागत नाही, फक्त २४ तास आधी सूचना येते. तो मेसेज जाहिरातींच्या ढिगात सापडत नाही, एवढंच.

दोन पेपरांचं म्हणाल तर एक बंद करून जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयाची वर्गणी भरा. बाकीचे पेपर तिथे वाचायला मिळतात आणि बरीच ग्रंथालयं वेगळी दिवाळी अंक योजनाही चालवतात. शब्दकोडं मात्र घरच्या पेपरातलंच लागतं, तो पेपर तोडायला जाऊ नका.

तिसरामजला

केबलचं बिल काढून बघितलं, ४३० आहे. यादी करायला घेतली. भिशीचं कोणी बोललं नाही. बारा जणी, दरमहा पाच हजार, चिठ्ठी काढून. आणि आता लिलावाची भिशी सुरू करायचं चाललंय. शिवाय नात सांगते की कार्डाचं बिल ‘थोडं थोडं’ भरलं तरी चालतं.

बोलीभाव

चिठ्ठीची भिशी म्हणजे पहिल्या नंबरला बिनव्याजी कर्ज आणि शेवटच्या नंबरला बिनव्याजी बचत. साडेसहा टक्क्यांच्या आरडीत (दरमहा भरायच्या ठेवीत) तेच पाच हजार बारा महिने टाकले तर साधारण २,१०० रुपये व्याज मिळतं. शेवटच्या बाईचा तोटा एवढाच. त्या बदल्यात शिस्त लागते आणि महिन्यातून एकदा चार बायका भेटतात. माझ्या मते सौदा महाग नाही, आजींना आडवं जाऊ नका.

लिलावाची गोष्ट वेगळी. तिथे जी सर्वांत कमी रकमेला तयार होते ती त्या महिन्याची भिशी उचलते. साठ हजारांची भिशी दुसऱ्या महिन्यात कोणी ५२,००० ला उचलली तर आठ हजार सगळ्यांत वाटले जातात, प्रत्येकीला ६६६. उचलणारीने तोवर स्वतःचे दहा हजार भरलेले असतात, म्हणजे तिच्या हातात दुसऱ्यांचे आले ४२,००० आणि पुढे भरायचे ५०,०००. वाटणीचे थोडे परत येतात ते वजा करा, तरी दहा महिन्यांसाठी हे कर्ज बँकेच्या सोनेतारण कर्जापेक्षा बरंच महाग. शिवाय उचललेल्या बाईने पुढे हप्ते थांबवले तर काय? अशी भिशी चिट फंड कायदा १९८२ खाली येते आणि बिननोंदणीची असेल तर दाद मागताना हात रिकामे. चिठ्ठीवरच ठेवा आणि वही प्रत्येकीच्या सहीची.

सराफाकडच्या अकरा हप्ते भरा, बारावा आमचा, या योजनेलाही ठेवविमा नाही. तिथे विचारायचं एवढंच, की बोनस घडणावळीतून वजा होतो की सोन्याच्या किमतीतून, आणि वजन हप्त्याच्या दिवशीच्या भावाने धरतात की शेवटच्या. दागिना घेताना त्यावरचा हॉलमार्कचा सहा अक्षरी क्रमांक, एचयूआयडी, बघा. सोन्यावर ३ टक्के जीएसटी, आणि घडणावळ मोडीत परत मिळत नाही.

पिनगुपित

कार्डाचं आधी. बिल ४०,०००, भरले किमान म्हणजे ५ टक्के, २,०००. उरलेल्या ३८,००० वर साडेतीन टक्के महिना धरला तर १,३३० व्याज, त्यावर जीएसटी २४०. पुढच्या महिन्यात पुन्हा २,००० भरले तर त्यातले जेमतेम ४३० मुद्दलात जातात. शिवाय बाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, आज घेतलेल्या भाजीवरसुद्धा आजपासून व्याज. नातीला सांगून पटणार नाही, बँकेच्या ॲपमध्ये ‘पूर्ण रक्कम’ ऑटोपे लावून द्या. तारीख पगारानंतरची घ्या.

यूपीआय लाइटने (पिन न टाकता छोटे पैसे देण्याची सोय) दिलेल्या दहा-वीस रुपयांच्या नोंदी पासबुकात सुट्या दिसत नाहीत, फक्त लाइटमध्ये पैसे भरल्याची एक नोंद येते. तुमचा वर्षाचा कागद जुळत नसेल तर आधी तिथे बघा.

आजोबांना यूपीआय हवं असेल पण मोठं खातं जोडायची भीती वाटत असेल तर ‘यूपीआय सर्कल’ वापरा. मधल्यांपैकी एकाचं खातं मुख्य, आजोबा दुय्यम. पूर्ण मुभा दिली तरी एका वेळी ५,००० आणि महिन्याला १५,००० ची मर्यादा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे वाक्य फोनच्या मागे चिकटवा.

नातीने रील बघून आणि आजोबांनी व्हॉट्सॲपवरच्या ग्रुपमुळे पैसे गुंतवणं, दोन्ही एकाच माळेचे मणी. शेअर ब्रोकर किंवा म्युच्युअल फंडाला यूपीआयने पैसे पाठवताना आयडीमध्ये ‘ॲट व्हॅलिड’ (@valid) आणि त्याला जोडून बँकेचं नाव आहे का बघा, शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने ही सोय ऑक्टोबर २०२५ पासून सुरू केली आहे. एखाद्या व्यक्तीच्या नावाचं बचत खातं दिलं असेल तर तिथेच थांबा. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन, बँकेत जाऊन रांग लावणं नंतर.

हिशेबवही

@तिसरामजला, एक राहिलं. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चार नॉमिनी नोंदवता येतात, टक्केवारी वाटून किंवा एकामागून एक. लॉकरला मात्र फक्त एकामागून एक. आजोबांच्या एफडीवर अजून जुनंच नामांकन असेल. पुढच्या वेळी पासबुक भरायला जाल तेव्हा तो फॉर्म घेऊन या.