चीनमधलं शिआन: एका दिवसात काय बघाल?
"शिआनला एकच दिवस आहे, सम्राटाच्या थडग्याजवळचे मातीचे सैनिक सोडून काय बघू?" असं एका शिक्षकांनी विचारलंय. शिक्षक आहात, तर सकाळ बेइलिन शिलालेख संग्रहालयात घालवा. इ.स. 837 मध्ये तिथले कन्फ्यूशियन अभिजात ग्रंथ 114 शिळांवर, दोन्ही बाजूंनी कोरून पूर्ण झाले. सरकारी नोकरीच्या परीक्षार्थींसाठी हाच प्रमाण पाठ, म्हणजे दगडी पाठ्यपुस्तकच! दुपारी थोरला हंस पॅगोडा. ह्युएन त्संगने भारतातून नेलेल्या पोथ्यांसाठी 652 मध्ये बांधलेला. पुलकेशीच्या महाराष्ट्राबद्दल लिहून ठेवणारा हाच तो, त्यामुळे आपण तरी चुकवू नये. शहराच्या जुन्या तटावर सायकल भाड्याने मिळते, पण पूर्ण फेरी जवळजवळ 14 किलोमीटर. संध्याकाळी मुस्लिम मोहल्ल्यात पाओमो, म्हणजे मटणाच्या रश्श्यात कुस्करलेली रोटी, खा. रोटी आपणच कुस्करायची, अगदी बारीक. शाकाहारी असाल तर मात्र अवघड आहे.