नायजेरियाचा मोबाइल-चमत्कार नेमका कोणाचा?

धागाकर्ता: 2001 मध्ये नायजेरियात सरकार बाजूला झाले आणि बाजाराने देश जोडला. आणखी काही सांगायची गरज आहे का?

इकेजाचा पाहुणा: गरज आहे. जानेवारी 2001 चा मोबाइल परवान्यांचा लिलाव सरकारी दूरसंचार नियामकानेच, म्हणजे एनसीसीनेच घेतला. तो उघडपणे पार पडला, म्हणूनच एमटीएन आणि इकोनेट या कंपन्यांनी एकेका परवान्यासाठी 28.5 कोटी डॉलर मोजले. मी 2002 मध्ये लेगोसला होतो. घरी बोलताना एकसष्टावा सेकंद लागला की दुसऱ्या मिनिटाचे पैसे कापले जात, आणि विचारले तर ‘सेकंदाचा हिशेब जमत नाही’ असे उत्तर मिळे. 2003 मध्ये ग्लोबाकॉम ही नवी कंपनी सेकंदाचा दर घेऊन आली, तेव्हा तो हिशेब बरा जमला!

धागाकर्ता: ग्लोबाकॉम काय सरकारी होती? आपण माझाच मुद्दा सिद्ध करत आहात. बारा कोटी लोकांच्या देशात नायटेल या सरकारी टेलिफोन कंपनीच्या चालू लाइन जेमतेम पाच लाखांच्या घरात होत्या, हे सोयीस्करपणे गाळलेत.

डिझेलग्रस्त: आपण दोघेही शहरातून बोलत आहात. मी उत्तरेत कानो शहराच्या बाजूला टॉवरच्या देखभालीचे काम केले आहे. तिथला टॉवर म्हणजे डिझेलच्या टाकीवर उभा केलेला अँटेना. रात्री टाकी भरावी आणि सकाळी ती अर्धी झालेली असावी. पहारेकऱ्याला विचारले, तर तो आकाशाकडे पाही. खाजगीकरण हाच मंत्र असेल, तर 2013 मध्ये वीजवितरणही खाजगी झाले होते. मग टॉवरचे डिझेल जनरेटर का थांबले नाहीत?

धागाकर्ता: कारण विजेचे पारेषण सरकारकडेच राहिले! अर्धवट माहितीवर टोमणे मारू नयेत.

डिझेलग्रस्त: अर्धवट माहिती? त्या डिझेलच्या वासाने माझी दोन वर्षे डोकेदुखी गेली नाही. 2023 मध्ये तिथले चलन नायरा कोसळला आणि आयात सामग्रीचा खर्च भडकला. तरीही दरवाढ हवी, तर परवानगी एनसीसीचीच. 50 टक्क्यांपर्यंतची ती परवानगी जानेवारी 2025 मध्ये मिळाली. यालाच आपण ‘सरकार बाजूला झाले’ म्हणता?

इकेजाचा पाहुणा: तोवर दर आवरले गेले हे ग्राहकाच्या भल्याचेच झाले, पण त्यामुळे नवे टॉवर रखडले असतील, हेही मला नाइलाजाने मान्य करावे लागते.

धागाकर्ता: ठीक आहे, ‘बाजूला झाले’ हे शब्द मागे घेतो, ‘थोडे सरकून बसले’ असे वाचावे. आणि डिझेलचा धागा कृपया वेगळा काढावा.